सिंधू मुकी नव्हती

प्रिय ठमे,

तुझं नवं पुस्तक वाचलं. छान आहे. आता भांडायला बसतो.

पान चौदा काढ. सिंधू गुडघ्यावर बसून विटांची भिंत बांधतेय. तिचे हात तू फार सुरेख काढलेत, बोटांच्या पेरांत अडकलेली मातीसुद्धा दिसते. पण भिंतीकडे बघ. प्रत्येक थराचा उभा सांधा खालच्या थराच्या सांध्याच्या बरोब्बर डोक्यावर आलाय. वरपासून खालपर्यंत सरळ रेघ! चाळीस वर्षं गवंड्याची थापी धरलेल्या माणसाच्या लेकीनं अशी भिंत काढावी? या भिंतीला कुणी पाठ टेकून उभं राहिलं तरी ती बसेल. तुझी आई म्हणाली, अहो, चित्र आहे ते, पोरांच्या लक्षातही येणार नाही. मी म्हटलं, पोरांच्या नसेल येत, सिंधूच्या येईल की.

मग मला चैन पडेना. माझा जुना जोडीदार मुकादम आहे ना, त्याला बोलावलं. मागच्या अंगणात आम्ही दोघांनी गुडघाभर उंचीच्या दोन भिंती बांधल्या, एक तुझ्या चित्राबरहुकूम आणि एक आपल्या पद्धतीची. दोन दिवस वाळू दिल्या. तिसऱ्या दिवशी मुकादमानं लाथ घातली. तुझ्या भिंतीच्या सांध्यातून उभ्या दोन फाकी झाल्या. त्या आनंदात त्यानं आपल्या भिंतीलाही तेवढ्याच जोरानं लाथ घातली. भिंत हलली नाही, अंगठा सुजला. अजून लंगडतोय आणि तुझ्या पुस्तकाच्या नावानं खडे फोडतोय.

पण त्यानं एक शंका काढली, ती मात्र रास्त होती. म्हणाला, सिंधू संस्कृतीच्या काळी लोक तशीच बांधत असतील तर? आपण कोण सांगणारे? म्हणून मग मी आणि तुझी आई वस्तुसंग्रहालयात गेलो. काचेच्या पेटीत त्या काळची एक वीट ठेवलीय. मी खिशातला टेप काढला आणि काचेवरूनच माप घ्यायला लागलो. पहारेकरी धावत आला. त्याच्यामागून एक अधिकारी बाई आल्या, तुझ्याच वयाच्या असतील. आता खरडपट्टी निघणार म्हणून तुझी आई मला ओळख न दाखवता शेजारच्या मडक्यांकडे सरकली. मी बाईंना सगळं सांगितलं, पान चौदा दाखवलं, मुकादमाच्या अंगठ्याचीही हकीकत सांगितली. त्या इतक्या हसल्या की पहारेकरीही हसायला लागला.

आत नेऊन त्यांनी उत्खननाचे फोटो दाखवले. ठमे, काय भिंती आहेत! एक थर भिंतीच्या लांबीनं लावलेल्या विटांचा, एक जाडीनं लावलेल्या विटांचा, सांधा सांध्याला चुकवलेला. आणि विटेचं माप? जाडीच्या दुप्पट रुंदी, रुंदीच्या दुप्पट लांबी. एकमेकांपासून कितीतरी कोस लांब असलेल्या गावांत हेच प्रमाण. मला हसू आवरेना. दोन रुंद्या मिळून एक लांबी झाली की कोपरा आपोआप जुळतो, हे मला माझ्या मेस्त्रीनं शिकवलं, त्याला त्याच्या मेस्त्रीनं. ही ओळ मागे मागे कुठवर जाते कोण जाणे! बाईंनी एक अर्धी तुटलेली वीट कपाटातून काढून माझ्या हातात दिली. मी तिच्या कडेवरून बोट फिरवलं. चार हजार वर्षं झाली, तरी धार सरळ. तुझी आई म्हणते, तुला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हाही मी इतका जपून उभा नव्हतो.

भिंतीचं काय, ती तू पुसून नव्यानं काढशील. मला खरी बोच लागली ती दुसऱ्या गोष्टीची. तुझी कल्पना झकास आहे. जुन्या संस्कृती म्हणजे एका गल्लीत राहणारी माणसं. मिसर आत्या नाक वर करून आपल्या पिरॅमिडांची उंची सांगत फिरते, मेसोपोटेमिया काका शेजाऱ्याची शिंकसुद्धा मातीच्या पाटीवर नोंदवून ठेवतात. सगळे तोंडाळ. एकटी सिंधू मुकी. तिची लिपी अजून कुणाला वाचता आली नाही, म्हणून तू तिला मुकीच करून टाकलंस. शेवटच्या चित्रात ती मान खाली घालून कोपऱ्यात बसलीय आणि तिच्याबद्दल बाकीचेच बोलतायत. त्या पानावर मी पुस्तक मिटलं. दोन दिवस उघडलं नाही.

मी बाईंना सरळ विचारलं, ती मुकी होती असा काही पुरावा आहे का? त्या म्हणाल्या, "तिचं लिहिलेलं आपल्याला वाचता येत नाही, एवढंच खरं. त्यात उणीव असलीच तर आपली आहे." आणि मग त्यांनी जे सांगितलं ते कान देऊन ऐक. तुझ्या त्या काकांच्या मुलखात एक जुना शिक्का सापडलाय. तो ज्याचा, त्याचा धंदाच दुभाष्याचा. मेलुहा नावाच्या देशाची भाषा तो काकांच्या माणसांना समजावून सांगायचा. आणि मेलुहा म्हणजे सिंधूचाच मुलूख, असं पुष्कळ जाणकारांना वाटतं. आता सांग, मुक्या माणसासाठी कुणी दुभाषा ठेवतं का? पोरगी चांगली घडाघडा बोलत असणार, समोरच्याला कळत नव्हतं इतकंच. हे ऐकून तुझ्या आईनं तिथल्या तिथं टाळी वाजवली. पहारेकऱ्यानं पुन्हा डोळे वटारले.

तू म्हणशील, बाबांना एका चित्रातल्या मुलीचा एवढा पुळका का? तू चौथीत होतीस तेव्हाची पालकसभा आठवते? आई आजारी होती म्हणून मी आलो होतो. तुझ्या वर्गाच्या बाईंनी सगळ्यांना एकेक कागद दिला, आपल्या मुलाविषयी चार ओळी लिहा म्हणाल्या. सगळे खाली मान घालून लिहायला लागले. मी शेवटच्या बाकावर बसून राहिलो आणि चष्मा विसरलो म्हणून सांगितलं. माझ्या कागदावर बाईंनीच लिहिलं, "पालकांना काही सांगायचे नाही." तू तो कागद वाचलास आणि घरी येईपर्यंत माझ्याशी बोलली नाहीस. मला केवढं सांगायचं होतं, ठमे. रस्त्याच्या पलीकडून तुला तिरकी खिडकी दिसायची. तू सहा वर्षांची असताना माझ्या ओळंब्याची दोरी न हलवता धरायचीस. माझ्या हाताखालच्या मोठ्या माणसांना जमायचं नाही ते.

मला तेव्हा चष्माच नव्हता. मला वाचता येत नव्हतं. नकाशातले आकडे आणि रेघा कळायच्या, सही गिरवता यायची, त्यावर चाळीस वर्षं निभावली. तुझी आधीची चारही पुस्तकं आईनं मला स्वयंपाकघरात वाचून दाखवली आणि तू फोनवर "बाबा, वाचलंत का?" विचारलंस की मी "हो" म्हणायचो. दोन वर्षांपूर्वी तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला आणि साखरेपायी ऑपरेशन लांबत गेलं. तेव्हा ती म्हणाली, आता तुम्ही वाचायचं, मी ऐकायचं. रोज सकाळी चहा झाला की मला 'क'पासून शिकवायची. चुकलो की माझ्याच थापीनं टेबल वाजवायची. हे पाचवं पुस्तक मी तिला एक्केचाळीस दिवसांत वाचून दाखवलं, जोडाक्षरांसकट. आता तिची दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झालीत, तिला लख्ख दिसतं, आणि या पत्रातल्या माझ्या चुका तिनं लाल पेन्सिलीनं काढल्या म्हणून मला ते तीनदा लिहावं लागलं. मागच्या महिन्यात तू फोनवर म्हणालीस, दुसरी आवृत्ती निघतेय, काही चुकलं असेल तर सांगा. मी म्हणालो, सगळं छान आहे, आणि फोन आईकडे दिला. तेव्हा जे सांगितलं नाही ते हे. माझं हे आयुष्यातलं पहिलं पत्र आहे. याचं उत्तर फोनवर देऊ नकोस. लिहून पाठव, जरा मोठ्या अक्षरांत. पोस्टमननं पाकीट दिलं की आईला हात लावू देणार नाही, मीच उघडून वाचणार आहे.

तुझाच,
बाबा