परक्या कोंबड्याचे चार दिवस

८ नोव्हेंबर १९९७

चार दिवस! पेपर तपासायला पुण्याला गेलो आणि चार दिवसांत कृष्णातने वाट लावली. अंगणात त्याचा नवा कोंबडा — सरकारी योजनेतला, रुंद छातीचा, मठ्ठ. मोकळा सोडलेला. काळीबरोबर!

काळी म्हणजे आमच्या वडिलांच्या, आबांच्या, झुंजीच्या असील जातीतली शेवटची कोंबडी. उन्हाळ्यात मानमोडीच्या साथीत बाकीच्या मेल्या. उरली दोघं — ती आणि नऊ वर्षांचा म्हातारा कोंबडा. यांची पिल्लं निघाली नाहीत, तर आबांनी चाळीस वर्षं राखलेलं रक्त संपलं. हे कृष्णातला माहीत होतं. सख्खा भाऊ!

९ नोव्हेंबर

भांडण. "दादा, कोंबडी हाय ती, राजघराणं न्हाय."

विचारायचं होतंस, म्हणालो. तर म्हणतो, "कुणाला? तिला? तिला तर आवडला की त्यो!" कुंपणापलीकडे धोंडुबाई खो खो हसली. उद्या सगळ्या उचगावात बोभाटा होईल.

"माझा चार म्हैन्यात तीन किलो भरतोय. तुझा असील वरीसभर खातोय आन् डोळं वटारतोय."

कागलच्या एमआयडीसीतली नोकरी सुटल्यापासून त्याला सगळं किलोत दिसतं.

१० नोव्हेंबर

काळीने अंडं घातलं. मी ते भिंतीवर फोडलं.

१५ नोव्हेंबर

चौथं अंडं. तेही भिंतीवर. कृष्णातने न बोलता बादली आणली, भिंत धुतली. न बोलण्याचाही राग आला.

आबा सांगायचे — परका कोंबडा एकदा लागला की कोंबडी बाटली. कायमची. पुढे जातीचा कोंबडा लावला तरी पिल्लांत परक्याचा अंश येणारच. असं असेल तर तिला दाणे कशाला घालायचे? असली नासलेली जात राखण्यापेक्षा नसलेली बरी.

१६ नोव्हेंबर, रविवार

काळी कापली. स्वतः. एका फटक्यात. त्याचं समाधान वाटलं.

रस्सा झाला. कृष्णात जेवला नाही. मी दोनदा वाढून घेतलं. मांस चिवट होतं.

१९ नोव्हेंबर

कोडोलीला कुतुबुद्दीनचाचांकडे गेलो. आबांनी पहिली जोडी त्यांच्या वडिलांकडून आणली होती. म्हटलं, त्या रक्ताची एखादी कोंबडी मिळेल. सगळं सांगितलं.

"कापलीस?"

"हो."

"कापलीस व्हय रं मास्तर!" चाचा बाजेवर उठून बसले. "तीन आठवडं थांबायचं की! परका कोंबडा बाजूला काढायचा, आपला लावायचा, तीन आठवड्यांची अंडी खाऊन टाकायची. फुडली अंडी आपलीच. तुझ्या आबालाबी सांगितलं हुतं म्या. ऐकंल तर शप्पथ!"

तीन आठवडे. मी जेमतेम आठ दिवस थांबलो.

कोंबडी मागितली. "माझ्याकडं कुठली ऱ्हायलीया? मीच तुझ्याकडं मागायला येणार हुतो."

मग शुद्ध रक्त संपलंच, म्हणालो. त्यावर हसले! "शुद्ध? माझ्या बापानं तीन गावच्या कोंबड्या मिळवून केली ती जात. काळा रंग तर बाजारातल्या एका लंगड्या कोंबडीचा. नीट निवडत गेला, वाईट काढत गेला — झाली जात."

चाळीस वर्षं आबा हे घराणं म्हणून सांगत आले. एस.टी.त खिडकीशी बसून रागाने दात दुखेपर्यंत आवळले. राग कुणाचा, ते धड ठरेना.

निघताना चाचांनी एक तांबडी कोंबडी पाटीत झाकून दिली होती. "जातीची न्हाय, पण काटक हाय. तुझ्या म्हाताऱ्या कोंबड्याला लाव. पोरी निघतील त्यास्नी परत त्योच लाव. तीन-चार पिढ्यांत काळा माघारी येतोय बघ."

१० डिसेंबर

तीन आठवडे पूर्ण. तांबडीची आजवरची सगळी अंडी घरात खाल्ली. आता घालेल ती ठेवायची. कृष्णातने आपला कोंबडा स्वतःहून पायाला दोरी लावून बांधलाय. माझ्याकडे बघत नाही. मीही नाही.

२६ डिसेंबर

सात अंडी जमली. धोंडुबाईच्या खुडूक कोंबडीखाली बसवली. "राजाची पोरं व्हय?" म्हणाली.

२ जानेवारी १९९८

चाचा मुद्दाम आले. दार लावून घेतलं, अंधारात एकेक अंडं बॅटरीवर धरलं. सातही रिकामी. एकातही जीव धरल्याची लाल शीर नाही.

चाचांनी बाहेर येऊन म्हातारा कोंबडा धरला, पोटाखाली चाचपून बघितला. "ह्यो कवाच संपलाय, मास्तर. ह्येच्याकडनं काय हुणार नव्हतं."

म्हणजे काळीचं रक्त पुढे जाणार होतं ते कृष्णातच्या कोंबड्याकडूनच. मी भिंतीवर फोडलेल्या चार अंड्यांत होतं.