मायव्वाचा पाय

जत, १४ मार्च १९९८

ती. आईस, शरयूचा वाकून नमस्कार.

मी ठणठणीत आहे.

गेल्या महिन्यात बिराप्पा मेंढपाळाच्या छोट्या मायव्वाचा पाय अचानक लुळा पडला. आमच्या मोठ्या डॉक्टरांनी पोरीकडे न बघताच ठरवलं, "पडली असेल. माझ्या तालुक्यात पोलिओ नाही." तालुका जणू सासऱ्यांनी आंदण दिलाय! मी तिच्या शौचाचे नमुने बर्फात घालून तपासायला पाठवले, तर साहेबांनी अबोला धरला. तेवढीच माझ्या कानांना विश्रांती.

काल अहवाल आला, पोलिओच निघाला. आता साहेब मिशीला पीळ देत सांगतात, "मीच शोधला!"

बिराप्पा मात्र एवढंच विचारतो, "डाक्टरीणबाई, चालंल न्हवं ती?" मला खोटं बोलवत नाही.

दादाच्या बाळाला सगळे डोस दिलेत ना? लगेच कळव.

तुझी,
शरयू