परदेशातल्या दुकानात चंपाषष्ठीचा बाजार

प्रिय आई,

जर्मनीहून पूनमचा नमस्कार. मी बरी आहे, तू दिलेलं घोंगडं रोज पांघरते.

परवा चंपाषष्ठी केली. इथल्या स्वस्त सुपरमार्केटात माल खोक्यांतच मांडलेला असतो, पिशवी आपली न्यायची. चातुर्मासात सोडलेली वांगी, कांद्याची पात, नारळ, हळद, सगळं मिळालं. पण खंडोबाची तळी उचलायला पाचजण हवेत आणि आम्ही कंपनीच्या चौघीच.

आमच्यातली मोनिका म्हणाली, "आपण बायका. चालंल का देवाला?"

"न चालायला काय झालं?" मी म्हटलं.

गल्ल्यावरच्या एल्केबाईंनी विचारलं, "एवढी वांगी कशाला?" सगळं सांगितलं, तर काम सुटल्यावर त्या स्वतःच आमच्या खोलीवर आल्या. ताटाला हात लावून आमच्या मागोमाग "येळकोट येळकोट, जय मल्हार" म्हणाल्या. भरीत मात्र चुलीवरच्यासारखं झालं नाही.

आण्णा गेल्यापासून आप्पाकाका आले तरच आपल्याकडं तळी उचलतात, आणि तू दाराआड उभी राहतेस. यंदा ते आले का? तू नीट जेवलीस का?

पुढच्या षष्ठीला मी मांडवगणात असेन. काका काहीही म्हणोत, ताटाला पहिला हात तू लावायचास.

तुझी,
पूनम