ह.स.

३ जून
आज रुजू झाले. संग्रहालयाच्या दागिने विभागात नोंदणी सहायक. फोनवर आई म्हणाली, एवढं शिकून शेवटी बांगड्यांच्याच दुकानात बसलीस. पण घरातली पहिली पदवीधर मी, त्यामुळे शेजारणीला ऐकू जाईल अशा बेतानं बोलत होती. विभागप्रमुख बाई मोजकंच बोलतात. मुलाखतीत त्यांनी माझे हात टेबलावर ठेवायला लावले होते. नाजूक वस्तू हाताळायच्या, थरथरतात का ते बघत असणार. भिंतीवर नियम लावलाय: वस्तूला धक्का लागता कामा नये. तो मी या वहीच्या पहिल्याच पानावर लिहून घेतला.

६ जून
सोन्याची सात कडी, दीड हजार वर्षांपूर्वीची. काचेच्या कपाटात प्लास्टरच्या सात हातांवर मांडलेली. प्रत्येक हाताचा अंगठा तळव्यात दुमडलेला, बांगडी चढवताना आपण दुमडतो तसा. एकाच्या मधल्या बोटाला तर पेन धरून पडणारा घट्टासुद्धा आहे. कारागिराची कमाल. जुन्या नोंदवहीत ‘कसे मिळाले’ या रकान्यात सातही ठिकाणी फक्त ‘ह.स.’ एवढंच. बराच विचार करून उलगडा केला: हस्ते, सस्नेह. कुणीतरी प्रेमानं दिलेली. नव्या पाट्यांवर तसं पूर्ण लिहिलं. बाईंनी वाचलं, हसल्या, सही केली.

१० जून
आठवं कडं तिजोरीतून काढलं. याला मांडायला हात नाही. बाई म्हणाल्या, माप पट्टीनं कसलं घेतेस, उजव्या हातात घालून बघ. तुझ्या आधीच्या मुली तसंच करायच्या. अंगठा दुमडला, सरकन गेलं. आता निघत नाही. साबण झाला, तेल झालं. आईला कळवलं नाही. नोकरी तीन महिने कच्ची आहे.

१३ जून
घट्ट होतंय. सकाळी कड्याखाली करंगळी जात होती, दुपारी कागद जाईना. सोनाराकडून कापून घेते म्हटलं. बाई शांतपणे म्हणाल्या, दीड हजार वर्षं टिकलेली वस्तू तू कापणार? आणि भिंतीकडे बोट केलं. मला लाज वाटली. खरंच वाटली.

१४ जून, सकाळी
बोटं निळी. डाव्या हातानं लिहितेय. आधीच्या मुली कुठे असतात, विचारलं. कारकून म्हणाला, ताई, इथेच असतात की. पेनाचा घट्टा असलेल्या त्या हातावरचं प्लास्टर एके ठिकाणी उडालंय — खाली नख आहे —
नोंदवहीच्या शेवटच्या पानावर संक्षेपांची यादी. आधी बघायला हवी होती —
ह.स. : हातासकट.

१४ जून, दुपारी
दार बाहेरून लावलंय. आईचा फोन वाजतोय, पलीकडच्या खोलीत. बाई दाराआडून म्हणाल्या, घाबरू नकोस, कड्याला काही होणार नाही.
पाटी तयार आहे. माझंच अक्षर. हस्ते, सस्नेह —
प्लास्टर कालवताहेत — अंगठा आपोआप दुमडला, मी नाही — आई, हात मी स्वतःहून दिलेला नाही, पाटीवर काहीही लिहिलेलं असो, मी