ब्रेक झिजले, टायर कोरे

प्रिय ठमे,

बायका सायकल सोडतात ते सीट टोचते म्हणून नाही, चढण आहे म्हणून नाही, आणि बायकांना तोल सांभाळता येत नाही म्हणून तर मुळीच नाही. मला कुणी विचारलेलं नाही, मीच सांगतेय. काल माझ्या सायकलच्या दुकानात चहा द्यायला आलेला चहावाला म्हणाला, आत्याबाई, बायका हल्ली सायकलवर दिसत नाहीत, आळशी झाल्या. म्हटलं, बाबा रे, एकदा बाईचा जन्म घे, बाजारातून चक्कर मारून ये, मग तोंड उघड. हसला मेला. त्याला काय जातंय हसायला.

बायकांची सायकल दुरुस्तीला आली की मी आधी ब्रेक बघते. रबरं झिजून गेलेली, टायर मात्र कोरे. जायचं हाकेच्या अंतरावर, पण कुणी मोटारसायकल आडवी घातली, थांब. टेम्पो मुद्दाम खेटला, थांब. पुलाखाली अंधार, मग उतर आणि हातात धरून चाल. त्यात बाई सरळ कामावर जाते कुठे? पोराला सोड, भाजी घे, सासूची औषधं आण. रस्त्याकडेला सायकलींसाठी रंगीत पट्टा मारलाय म्हणे. त्यावर गाड्या उभ्या असतात.

तुला मीच शिकवली, दुकानामागच्या गल्लीत. तुझा बाप ओरडत होता, पोरीचे गुडघे फुटतील. म्हटलं, दादा, फुटू देत, भरून येतात. पुढे तू रक्त तपासायच्या लॅबमध्ये लागलीस. सकाळी दुकानासमोरून घंटी वाजवत जायचीस आणि मला वाटायचं, एक तरी सुटली गं आपल्यातली.

मग एक दिवस रस्त्यात कुणी एक मेला मागून आला, तुझा खांदा धरून ओढलंन, तुला पाडलंन आणि निघून गेला. मनगट प्लास्टरमध्ये. घरी तू खड्ड्यात पडले म्हणून सांगितलंस, खरं मला एकटीला. पण खड्डा सांगूनही व्हायचं ते झालंच, सायकल सुटली. सासूबाई म्हणाल्या, लेकुरवाळीनं कशाला जीव धोक्यात घालायचा. जावईबापू म्हणाले, मी सोडतो ना. आणि सोडतात बिचारे, रोज. माणूस वाईट नाही, हीच तर पंचाईत. वाईट असता तर मी पाना घेऊन दारात उभी राहिले असते. मायेनं घातलेल्या गाठीला कात्री कुठून लावायची?

आता कशाला लिहितेय ते सांगते. आज सकाळी जावईबापू तुझी सायकल घेऊन आले. म्हणाले, पडून गंजतेय, गिऱ्हाईक बघा, तिला मात्र कळू देऊ नका, वाईट वाटेल तिला. माझं डोकं असं फिरलं! चांगले चार शब्द सुनवणार, तेवढ्यात हँडलकडे नजर गेली. घंटी नाही. ती पितळेची घंटी मीच बसवलेली. तिचा स्क्रू माझ्या त्या वाकड्या स्क्रूड्रायव्हरशिवाय हलत नाही, आणि तो तू लग्न करून जाताना माझ्या खणातून उचलून नेलास. म्हणजे ते सायकल विकणार हे तुला आधीच कळलेलं. तू घंटी काढून घेतलीस आणि सायकल जाऊ दिलीस. ते तुझ्यापासून लपवतायत, तू त्यांच्यापासून. मग मी भांडू कुणाशी? सायकल आत घेतली.

दुपारी गेलीसुद्धा. घरोघर पेपर टाकणारा एक जण घेऊन गेला. पुढची टोपली नको म्हणाला, ती काढून दिली. ब्रेकची रबरं नवीन घातली. टायर बदलायची गरजच नव्हती.

घंटी कुठे ठेवलीस ते मला सांगू नकोस. परत पाठवू नकोस. आणि का जाऊ दिलीस, हे मी विचारणार नाही. मला माहीत आहे, तुलाही माहीत आहे. बस. या विषयावर यापुढे माझ्याकडून एक अक्षर निघणार नाही.

तुझीच,
आत्या