आमच्या वाटेचा मुरूम

१२ ऑक्टोबर, रविवार
सकाळी श्रमदान. टेकडीवर आज नऊ जण. पायथ्याची काळी माती अजून वाळली नाही, नुसता गोंद. देशमानेकाकू घसरल्या, मनगट सुजलं. ओढणीनं बांधून दिलं. रिटायर झाले तरी हातातली नर्स जात नाही. फ्रॅक्चर नसावं, तरी फोटो काढायला सांगितलंय.

मठपती सर म्हणाले, "पायथ्याला मुरूम टाकल्याबिगर म्हातारी माणसं येणार न्हाईत." टेकडीवरच्या तिन्ही वाटा सरांनीच आखल्या. झुडपं तोडायची, दगडांवर चुन्याचे बाण काढायचे, सगळं रविवारच्या रविवारी, आपल्या हातानं. पण मुरूम कोण देणार? सगळे एकमेकांच्या तोंडाकडं. मीच बोलले. म्हणलं, माझे जावई देतील की! मुरुडला जेसीबी हाय त्यांचा, ट्रॅक्टर हायेत.

घरी येऊन लगेच फोन. "जयभीम मामी. फकस्त सांगा, कुठं टाकायचा." किती गोड बोलतात अनिलराव. रूपानं नशीब काढलं.

२६ ऑक्टोबर, रविवार
दोन ट्रॉल्या आल्या!! तांबूस, खडखडीत, एक ढेकूळ नाही. घमेली हातोहात फिरवली, फावड्यानं पसरला, वरून पाणी मारून चोपला. कंबरेचा पार भुगा. पण काय वाट झाली! सगळे "सिस्टरचे जावई, सिस्टरचे जावई". मी आपली फुगून राहिले.

सरांनी मूठभर घेऊन चोळून बघितला. "झकास हाय ओ. कुठला?" अनिलराव हसले, "जवळचाच हाय, सर." बास. पुढं कुणी विचारलं नाही. फुकटच्या मुरमाची कोण चौकशी करतंय.

३० नोव्हेंबर, रविवार
नांदेडहून मंडळी आली होती. त्यांना तिकडं अशाच वाटा करायच्यात. सरांनी सगळं हिंडून दाखवलं, मी भज्यांचं बघितलं. पायथ्याची वाट बघून एक बाई म्हणाल्या, "आमच्याकडं असं दहा वर्षांत होणार नाही." जीव सुखावला.

फिरायला येणाऱ्यातला एक प्लॉटवाला, खाली घर बांधतोय, त्यानं मुरमाचा नंबर मागितला. दिला. मग आणखी दोघा-तिघांनी घेतला. बरंच झालं, अनिलरावांचा धंदा होईल.

देशमानेकाकू आता रोज येतात. "सिस्टर, लई पुण्य लागल तुमाला." पुण्यबिण्य माझ्याकडं चालत नाही, तरी हसले.

११ जानेवारी, रविवार
पाठ ठणकते. तरी लिहिते.

पलीकडच्या अंगाची लांब वाट पावसाळ्यापासून घाणेरीनं बुजलेली. तिकडं कुणी जातच नव्हतं. आज कोयते घेऊन निघालो. मी पुढं, सर मागं. खालून जेसीबीचा आवाज येत होता, वाटलं कुणाचं तरी बांधकाम असेल. तोडत तोडत वळणावर आलो. शेवटचं झुडूप हातानं सारलं, पाय उचलला, अन् सर ओरडले, "सिस्टर!" पाठीवरची बॅग धरून असं ओढलं की मी पाठीवर पडले.

पुढं टेकडी नाही.

नाही म्हणजे नाहीच. वाट येते अन् तुटते. खाली विहिरीएवढं खोल, अन् रुंद तर केवढं! चुन्याचा बाण मारलेला आमचा एक दगड खाली पालथा पडलेला. जेसीबी चालू. ट्रॉली भरत होती. ट्रॉलीच्या मागं लाल अक्षरात 'ओवी'.

माझ्या नातीचं नाव.

आई गं. कापलेल्या कड्याचा रंग तांबूस, खडखडीत. अडीच महिने त्यावरूनच चालत होतो आम्ही. सरांनी पण नाव वाचलं असणार. पाण्याची बाटली पुढं केली फक्त. अजून एक पाऊल पडलं असतं तर? माझं जाऊ दे, वाट मोकळी झाली की पोरं पळणार होती तिथं.

अनिलराव. कसले राव.

१२ जानेवारी, सोमवार
फोन लावला. मी ओरडलेच. ते थंड.
"मामी, तुमीच मागितला की."
"मी मुरूम मागितला, टेकडी नाही मागितली!"
"मग मुरूम काय झाडाला लागतो का?"
मग रूपानं फोन हिसकावला. "तू त्यांना चोर म्हणतीस? फुकट घेताना गोड लागला का?" ठेवला. पोटची पोर ही!

दुपारी सगळ्यांनी मिळून तुटलेल्या कडेला बाभळीच्या फांद्या टाकल्या, आडवे दगड लावले. सरांनी तहसीलला कळवलं. टेकडी खणली एवढंच. कुणाचं नाव घातलं नाही. माझ्यासाठी. मला ते बघवेना अन् नको पण म्हणवेना.

देशमानेकाकू म्हणाल्या, "पायथ्याचा मुरूम उचलून तिकडं परत टाका की." सगळे हसले. मग कुणीच हसेना.

१८ जानेवारी, रविवार
श्रमदानाला गेले नाही. पहिल्यांदाच.

अकराला अनिलराव आले. एकटेच. चहा घेतला, कप खाली ठेवला अन् म्हणाले, "मामी, खरं सांगू का? तुमचा फोन यायच्या आधी त्या टेकडीला मी हात लावला नव्हता. दुसरीकडनं आणायचं तर लांब पडत व्हतं. म्हणलं, मामीचंच काम हाय, पलीकडच्या अंगानं काढू दोन ट्रॉल्या, कुणाला कळतंय. मग तुमच्या वाटेवरचा बघून लोकं मागायला लागली. ज्यो त्यो म्हणायचा, सिस्टरनं नंबर दिला."

आवाज चढला नाही त्यांचा. भांडले असते तर बरं झालं असतं. म्हणजे पहिलं फावडं माझ्या फोनवर पडलं? मी, जी सगळ्यांना सांगत हिंडले की झाडाची फांदीसुद्धा विचारून तोडा!

जाताना चप्पल घालत म्हणाले, "उद्या तहसीलची माणसं येणार हायेत म्हणं. माझं नाव घ्यायचं तर घ्या. मी पळून जात न्हाई. पण कवापासून खणलं अन् कुणासाठी, असं इचारलं तर काय सांगताव?"



आत्ता सरांचा फोन. "सिस्टर, उद्या तुम्ही येऊच नका. लेकीचा संसार हाय. ट्रॉली लांबून नीट दिसली न्हाई म्हणतो मी." देवमाणूस. खोटं कधी बोललेला नाही, अन् माझ्यापायी बोलणार. मी म्हणलं, सर, मी येणार हाय. ते म्हणाले, "जावयाचं नाव घेताव?"

म्हणलं, आधी माझं घेते. त्यांचं तोंडातून निघतंय का, ते उद्या तिथं उभं राहिल्यावरच कळेल.