चिठ्ठीवरचं औषध

आई, वीस वर्षं होत आली, पण ही गोष्ट मी अजून कुणाशीच बोललेलो नाही. तुझे पाय बधिर होत चालले होते. पेसमेकरमुळे एमआरआय करता येत नव्हता, म्हणून पाठीच्या कण्यात डाय, म्हणजे एक्स-रेत उठून दिसणारं औषध, टोचून फोटो काढायचं ठरलं. डाय हॉस्पिटलबाहेरच्या दुकानातून आणायचा होता. सिस्टरांनी चिठ्ठी माझ्या हातात दिली, आणि तू म्हणालीस, "नीट बघून आण हं."

तू तसं म्हणणारच. मी दहा वर्षांचा असताना, तमिळ मुलखात, आवडी गावच्या क्वार्टरमध्ये राहायचो तेव्हा, तू इडलीसाठी उडदाची डाळ आणायला पाठवलंस आणि मी मुगाची घेऊन आलो. ओट्यापाशी तांदूळ धूत होतीस. "त्यानं दिली म्हणून घ्यायची? तुला डोळे नाहीत?" एवढंच बोललीस आणि भर उन्हात परत पाठवलंस.

पुढे इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात मी सुटे भाग तपासायला लागलो. नंबर जुळला नाही तर अख्खा माल परत करायचो. पण त्या दिवशी औषधाच्या दुकानदारानं पुढे केलेल्या बाटलीवर चिठ्ठीवरचं नाव नव्हतं. मी विचारलं. तो म्हणाला, "एल्लाम् ओन्नुदान्, सार." सगळं एकच. तिकडे तुला आत नेलं होतं. मला वाटलं, डॉक्टर बघतीलच. सिस्टरांनी बाटली घेतली, काही विचारलं नाही, आणि मीही बोललो नाही.

तासाभरात तुझे पाय झटके देऊ लागले, मग सगळं अंग. तू माझं मनगट घट्ट धरलं आहेस आणि मला तुझ्याकडे बघवत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तू गेलीस. डॉक्टर मान खाली घालून म्हणाले, तो डाय शिरेतून द्यायचा, कण्यात चालत नाही. बाटलीवर तसं लिहिलेलं होतं, आम्ही डॉक्टरांनी ते वाचायला हवं होतं.

बाबा त्या दुकानात गेले. तमिळ त्यांना कधी धड आलंच नाही. शब्द सापडेनात तेव्हा ते मराठीतच बोलत राहिले, माझ्या पोराला फसवलंत म्हणून. मी शेजारी उभा होतो. दुकानदारानं एकदा माझ्याकडे पाहिलं. मी विचारलं होतं हे त्याला आठवत होतं. तो काही बोलला नाही. मीही नाही.

बाबा आता ऐंशीचे झालेत. अजून त्या दुकानदारालाच दोष देतात. मघाशी दारात येऊन म्हणाले, "एवढं काय लिहितोयस?"

मी म्हटलं, ऑफिसचं.